गोव्यातल्या सावईवेऱ्याची फायबर इंटरनेट लाइन: दोन पावसाळ्यांनंतर साडेतीन तारे

साडेतीन तारे. वेगाबद्दल तक्रार नाही, माणसांबद्दल तर मुळीच नाही. दीड तारा कापला तो पत्त्यापायी. ते प्रकरण सांगायला जरा वेळ लागेल, तेव्हा घाईत असाल तर इथंच थांबा आणि लाइन घेऊन टाका. सिनेमे बघायला आणि नातवंडांशी बोलायला ती उत्तम आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तालुक्यातलीच छोटी कंपनी आहे, आणि लाइन ओढायला आलेले दोन्ही पोरगे आमच्याच भागातले. माझ्या लिहिण्यामुळे त्यांना वरून कुणी बोललेलं मला चालणार नाही. ज्याला हवं असेल त्याने गावात विचारावं.

मी पोस्टातून निवृत्त. १९८२ ते २०१९, सदतीस वर्षं, शेवटची काही सबपोस्टमास्तर म्हणून. त्यामुळे इंटरनेटमधलं मला फारसं कळत नसलं तरी पत्ता म्हणजे काय ते कळतं. पाकिटावर नुसतं 'घोगळेच्या माडाखालचं घर, सावईवेरे' लिहिलेलं पत्रसुद्धा मी पोचतं केलेलं आहे. तो माड पडून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आता लाइन. १०० एमबीपीएसचा प्लॅन, महिना ५९० अधिक जीएसटी, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. खांबावरून वायर आली ती आमच्या कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, झाडांना हुक मारून. मी म्हटलं, पोफळ वाऱ्यात डुलते, वायर तुटेल. थोरला पोरगा म्हणाला, "मास्तर, ढिली सोडतो, डुलू दे तिला." दोन पावसाळे झाले, त्या जागी तुटलेली नाही.

जोडकाम मात्र बघण्यासारखं असतं. वायरीच्या काळ्या सालीच्या आत आणखी एक साल, तिच्या आत केसाएवढी काच. ती त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, एका छोट्या अडकित्त्यासारख्या हत्यारात ठेवून टक् करून कापली. मग डब्याएवढ्या मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर. मशीनच्या पडद्यावर ती टोकं दोन पांढऱ्या खांबांसारखी दिसतात, हळूहळू एकमेकांकडे सरकतात, मधे ठिणगी पडते आणि सांधा दिसेनासा होतो. खाली आकडा आला, ०.०२. धाकटा म्हणाला, एवढाच उजेड गळतो. आमची ही स्वयंपाकघरातून बघायला आली होती, तिने विचारलं, "परत दाखव रे." परत कसं दाखवणार!

वेग सांगितला तेवढा येतो, म्हणजे बॉक्सला वायर लावली तर ९४ वगैरे. वायफायची गोष्ट वेगळी. आमचं घर जुनं, चिऱ्याच्या भिंती दीड-दोन हात जाड, मधे राजांगण. सोप्यावरच्या राऊटरचा आवाज मागीलदारी पोचत नाही. त्यात कंपनीचा दोष नाही, माझ्या पणजोबांचा आहे. शेवटी मागच्या बाजूला दुसरा राऊटर बसवला, १८०० रुपये. पावसाळ्यात एकदा फणसाची फांदी पडून मेन वायर तुटली, दोन दिवस बंद. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी लाइन पुन्हा गेली तेव्हा हेच पोरगे सणाचे कपडे घालून आले, काम केलं, आणि नेवऱ्या खाऊन गेले. याचे पूर्ण गुण.

इथवर पाच ताऱ्यांची गोष्ट.

मागच्या एप्रिलअखेर आम्ही दोघं मुलाकडे पुण्याला होतो. झरीचं पाणी मार्चपर्यंतच पुरतं, नंतर कुळागराला पंप. पंपाच्या स्टार्टरला मी वायफायचा स्विच लावून घेतला होता, फोनवरून चालू-बंद करायचा. वर्षभर सुरळीत चाललं. त्या रात्री फोनवर बटण दाबलं तर अ‍ॅप म्हणतो, सर्व्हरशी संपर्क होत नाही. मला वाटलं, गावात लाइट गेली असेल. म्हणून कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडलं. तो वेगळ्या कंपनीचा. कॅमेरा चालू! पंपाची खोली स्वच्छ दिसते, भिंतीवरचा तो स्विच दिसतो, त्याचा हिरवा दिवादेखील लुकलुकतोय. म्हणजे लाइट आहे, लाइन आहे, स्विच जिवंत आहे, मी कोथरूडला बसून त्याच्याकडे बघतो आहे, आणि तो दाबता येत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. स्विच विकणाऱ्यांनी आपलं दुकान गुंडाळलं होतं, हे नंतर कळलं. शेवटी शेजारच्या वहिनींना फोन करून सांगितलं. त्या टॉर्च घेऊन गेल्या आणि बोटाने बटण दाबून आल्या. हे सगळं मला कॅमेऱ्यात दिसलं. जाताना त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हातही केला.

परत आल्यावर भाच्याला बोलावलं. तो वेर्ण्याला एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. रविवारी आला, खतखतं जेवला, मग लॅपटॉप उघडला. त्याचं म्हणणं असं की घर माझं, पंप माझा, लाइनचे पैसे मी भरतो, मग मधे त्या दुकानाचा सर्व्हर कशाला? फोनने थेट घरच्या पत्त्यावर यावं आणि दार ठोठवावं. मला पटलं. मग त्याने राऊटरच्या आत कुठला पत्ता आहे तो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मामा, तू सीजीनॅटच्या मागे आहेस."

"कुणाच्या मागे?"

त्याने अर्धा तास समजावलं. मला कळलं ते माझ्या भाषेत असं. आम्ही पाकिटावर 'मार्फत' लिहायचो. भाड्याच्या खोलीतल्या शिक्षिकेला स्वतःचा घर क्रमांक नसे, म्हणून अमुक बाई, मार्फत तमुक भाटकार, म्हणजे जागेचा मालक. घरातला राऊटर हा तो भाटकार. आत टीव्ही, फोन, कॅमेरा, पंप यांना जे पत्ते असतात ते बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारे. असले पत्ते नव्वदच्या दशकात मुद्दाम खासगी वापरासाठी बाजूला काढून ठेवले आहेत. तुमच्या घरातही तेच, माझ्या घरातही तेच, त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांना किंमत नाही. आतून पत्र निघालं की राऊटर पाठवणाऱ्याचं नाव खोडून स्वतःचं घालतो आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी क्रमांक टाकतो. उत्तर त्या क्रमांकावर आलं की ज्याचं त्याला देतो. असे क्रमांक जास्तीत जास्त ६५,५३६.

आतून बाहेर लिहिलेल्याचं उत्तर यायला अडचण नाही. पण बाहेरून कुणी आपण होऊन पत्र घातलं तर? भाटकाराला कळत नाही कुणाचं, तो फेकून देतो. त्यावर तोड म्हणजे भाटकाराला आधी सांगून ठेवायचं, अमक्या क्रमांकावर काही आलं तर ते पंपाचं. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सीसीटीव्हीवाले दिवसाला दहा ठिकाणी करतात.

माझ्या बाबतीत ते चालेना, कारण माझा भाटकारच दुसऱ्या भाटकाराच्या मार्फत राहतो. राऊटरचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास याच कामासाठी राखले गेले. म्हणजे कंपनीने एकेका खऱ्या पत्त्यामागे कित्येक घरं भरली आहेत, आणि वरचा भाटकार कंपनीचं यंत्र आहे. ते माझं ऐकत नाही. अधूनमधून एखादी साइट मला रस्त्यावरचे सिग्नल आणि मोटारसायकली ओळखायला लावते ते का, हेही तेव्हा कळलं. त्याच मार्फतीतल्या दुसऱ्या कुणीतरी काहीतरी उपद्व्याप केलेला असतो.

कस्टमर केअरला फोन केला. मुलगी गोड बोलणारी. "सर, तुम्हाला स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा स्वतंत्र पत्ता, घ्यावा लागेल. वर्षाला अडीच हजार प्लस टॅक्स."

"पत्त्याचे पैसे?" मी म्हटलं. सदतीस वर्षांत मी तिकिटाचे पैसे घेतले, रजिस्टरचे घेतले, पत्त्याचे कधी घेतले नाहीत.

"सर, आयपीचं शॉर्टेज आहे."

मला वाटलं थाप आहे. थाप नव्हती. जुन्या इंटरनेटचा पत्ता म्हणजे चार आकडे, प्रत्येक ० ते २५५. ही पद्धत १९८१ साली ठरली. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. तेव्हा तो विद्यापीठं आणि संरक्षण खात्यापुरता प्रयोग होता, ४२९ कोटी म्हणजे अपरंपार वाटले असणार. आज जगात माणसंच ८०० कोटींवर आहेत. मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाने त्याच वर्षी १५ एप्रिलला हात आखडता घेतला. म्हणजे आमच्या गावात फायबर येण्याच्या कितीतरी आधी कोठी रिकामी.

आणि आधीचं वाटप! ते वाचून मला झोप लागेना. १७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, १ कोटी ६७ लाख पत्ते, अ‍ॅपल कंपनीचे. १९ ने सुरू होणारे फोर्ड मोटारवाल्यांना दिलेले. १२७ ने सुरू होणारे तितकेच १ कोटी ६७ लाख यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी राखीव. स्वतःला पत्र घालायला एक पत्ता पुरे की! आणि २४० पासून वरचे २६ कोटींहून जास्त 'पुढे कधीतरी' म्हणून ठेवले ते आजवर पडून आहेत. जुन्या यंत्रांना ते पत्तेच वाटत नाहीत, म्हणून आता काढून वाटायचीही सोय नाही. आमच्या खात्यात एखाद्या पोस्टमास्तराने असा साठा वाटला असता तर चौकशी लागली असती.

मग बाजार सुरू झाला. २०११ मध्येच मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीतल्या नॉर्टेल कंपनीकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. अ‍ॅमेझॉन आपल्या क्लाउडवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक जुन्या पत्त्याला ताशी अर्धा सेंट लावते, वर्षाचे ४३-४४ डॉलर झाले. त्या मानाने आमच्या मुलीने सांगितलेले अडीच हजार काही लूट नव्हती. तरी मी घेतला नाही. तत्त्व म्हणा, कंजूषपणा म्हणा. आमची ही दुसरं म्हणते.

कुणी विचारेल, आकडे संपले तर वाढवा. आमच्या लँडलाइनच्या आकड्यांपुढे एक दिवस सरसकट २ लागला, सहाचे सात झाले, लोकांनी आठवडाभर कुरकुर केली आणि विसरले. मीही भाच्याला हेच विचारलं. तो म्हणाला, तिथे अर्ज छापील आहे. पत्त्यासाठी ३२ खणच आहेत, एकेका खणात शून्य नाहीतर एक, ना एक खण कमी ना एक जास्त, आणि जगातलं प्रत्येक यंत्र ते खण मोजून वाचतं. तेहतिसावा खण घातला की जुन्या यंत्राला पुढचं सगळं चुकीचं दिसणार. म्हणून नवा अर्जच छापावा लागला. तो १९९५ साली लिहून झाला, त्याचं नाव आयपीव्ही६, आणि त्यात पत्त्याला १२८ खण. जुना अर्ज वाचणाऱ्याला नवा वाचता येत नाही, म्हणून दोन्ही अर्ज शेजारी शेजारी चालवायचे. माझ्या नोकरीच्या मध्यावर निघालेला अर्ज मी निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी घराघरात पोचलेला नव्हता.

पण माझ्या खिशात होता! हे मला फार गमतीचं वाटलं. भाच्याने मोबाईलचं वायफाय बंद करून पत्ता बघितला तर २४०९ ने सुरू होणारा लांबलचक नवा पत्ता. जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केली ती नव्या पत्त्यांवरच बेतलेली. एवढ्या कोटी फोनना जुने पत्ते आणणार कुठून? म्हणून आज भारतात निम्म्याहून जास्त लोक नवा पत्ता वापरतात, न कळत. जगात या बाबतीत आपण पुढच्या रांगेत आहोत. आणि माझ्या घरच्या फायबरला मात्र तो नाही.

पुन्हा कस्टमर केअर. पहिल्यांदा उत्तर, "सर, ते आपोआप असतं." दुसऱ्यांदा, "सर, राऊटर रीस्टार्ट करा." तिसऱ्यांदा मी फोंड्याला त्यांच्या ऑफिसातच जाऊन बसलो. पोस्टात लोक माझ्या टेबलासमोर जसे बसायचे तसा. आतून एक चष्मेवाला इंजिनियर आला. ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर माझं खातं उघडलं, एका चौकोनात बरोबरची खूण केली आणि म्हणाला, घरी जाऊन राऊटरमध्ये अशीच एक खूण करा. झालं. दहा मिनिटं, शून्य रुपये. मी विचारलं, मग सगळ्यांना का देत नाही? तो म्हणाला, "कोणी मागत नाही, मास्तर."

त्या संध्याकाळी नवा पत्ता आला. मी तो एका जुन्या आंतरदेशीय पत्राच्या पाठीवर हाताने उतरवून घेतला. चार-चार अक्षरांचे आठ गट, आकडे शून्य ते नऊ आणि त्यात ए पासून एफ पर्यंतची अक्षरं. उतरवताना दोनदा चुकलो. सहा आकड्यांत आख्खा देश मावतो हे १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी दाखवलं. संस्कृतचे कवी होते ते, पत्ता तोंडी राहिला पाहिजे ही जाण त्यांना असणारच. हा नवा पत्ता तोंडी राहण्यातला नाही.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुला छप्पन दिलाय."

"असे छप्पन पाहिलेत मी."

"तसं नव्हे रे! पहिले छप्पन खण त्यांचे, पुढचे सगळे तुझे."

म्हणजे काय, ते मी कागद घेऊन मांडलं. माझ्या घराला २५६ गल्ल्या. एकेका गल्लीत १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ घरं. वेगळ्या तऱ्हेने सांगायचं तर जुन्या इंटरनेटमधल्या प्रत्येक पत्त्याला एकेक आख्खं जुनं इंटरनेट द्यावं, तेवढे पत्ते एका गल्लीत. आणि घरात उपकरणं किती? मोजली. फोन, टीव्ही, तीन कॅमेरे, नातवाचा टॅब, पंप धरून सतरा.

जगाला पुरतील का, याचंही गणित केलं, कारण १९८१ वाल्यांनाही पुरतील असंच वाटलं होतं. पत्ते मोजण्यात अर्थ नाही, एकूण आकडा ३९ आकडी आहे, तो बघून नुसती चक्कर येते. मोजायची घरं. आजघडीला नव्या पत्त्यांच्या कपाटाचा आठवाच भाग उघडलेला आहे, २ आणि ३ ने सुरू होणारे पत्ते. बाकी सात भाग बहुतेक कुलुपातच. त्या एका भागातून माझ्यासारख्या २५६-२५६ गल्ल्या देत गेलं तर सुमारे ९,००० लाख कोटी घरांना पुरतील. ८०० कोटी माणसांत वाटले तर माणशी ११ लाख घरं. वाटपात सांडलवंड होणार, मोठ्यांना मोठे गठ्ठे जाणार, हे सगळं धरा. माणशी ११ लाखांतले ११ हजार उरले तरी मला चिंता वाटत नाही. उद्या प्रत्येक पोफळीला ओलावा मोजणारं यंत्र बसलं तरी आमचं कुळागर एका गल्लीच्या एका कोपऱ्यात मावेल.

आता चाललं काय आणि चाललं नाही काय.

वायफायचा स्विच बाद. त्याला नवा अर्ज वाचताच येत नाही, आत तसं लिहिलेलंच नाही. आत्ताआत्ता घेतलेली वस्तू, १९९५ चा अर्ज! भाच्याने त्याच्या जागी रास्पबेरी पाय नावाचा, खेळायच्या पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर आणि एक रिले, म्हणजे विजेने दाबलं जाणारं बटण, बसवला. त्याला स्वतःचा नवा पत्ता मिळाला. राऊटर नव्या पत्त्यांनाही बाहेरून येणारं काही आत सोडत नाही, हे चांगलंच आहे, म्हणून फक्त त्या एका पत्त्याला वाट करून दिली. मला भीती होती की स्वतःचा पत्ता म्हणजे चोरालाही पत्ता. भाचा म्हणाला, जुन्या सगळ्या ४२९ कोटी पत्त्यांची दारं एक वेगवान यंत्र तासाभराच्या आत ठोठावू शकतं, मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये तसं करून दाखवलं. तुझ्या एका गल्लीत दारं ठोठावत फिरायला त्या यंत्राला लाखो वर्षं लागतील. तरी पासवर्ड लांब ठेवला आहे.

आता दिवाळीला पुण्याला गेलो तेव्हा परीक्षा झाली. मुलाच्या सोसायटीच्या वायफायवरून पंप लागेना. त्यांच्या लाइनला नवा पत्ता नव्हता. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर गेलो, आणि लागला. कॅमेऱ्यात बघितलं, दिवा लाल झाला. मधे कुणाचं दुकान नाही, कुणाचा सर्व्हर नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, एवढे खूश का झालात? आधीही लागायचाच की." तिला काय सांगू!

आधी लागायचा तो कसा, हे मला तेव्हा नीट उमगलं होतं. ऐंशीच्या दशकात मी काही काळ कळंगुटला होतो. तिथे परदेशी पोरं यायची, राहायचा पत्ता नाही, आज या झोपडीत उद्या त्या. त्यांची पत्रं यायची 'पोस्ट रेस्तांत', म्हणजे पोस्टातच ठेवा, आम्ही येऊन नेऊ. रोज सकाळी खिडकीशी रांग, माझं काही आलंय का? हे वायफायचे स्विच, बल्ब, कॅमेरे तेच करतात. स्वतःचा पत्ता नसला तरी चालतं, कारण दर थोड्या वेळाने ते कंपनीच्या खिडकीशी जाऊन विचारतात, माझं काही आलंय का? म्हणून तर ४२९ कोटींत हजारो कोटींचा संसार रेटता येतो. उपकरणं वाढतील तशी रांग लांबेल, एवढंच. पण खिडकी कायमची बंद झाली तर उपकरण घरात जिवंत असूनही मुकं होतं, हे मी कोथरूडला बसून तीन रात्री बघितलं. तुटवडा पत्त्यांचा नाहीच आता. हात आखडता ठेवायची सवय तेवढी राहिली आहे, कंपन्यांना आणि वस्तू बनवणाऱ्यांनाही.

याचाच दुसरा नमुना, आणि इथे माझा मुख्य तारा गेला. या कंपनीने दिलेला छप्पन कायमचा नाही. लाइट गेली, राऊटर बंद पडून परत सुरू झाला की नवा छप्पन. आमच्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. जूनमध्ये एका आठवड्यात माझ्या घराचा पत्ता पाच वेळा बदलला. आंतरदेशीयावर उतरवलेला पहिल्याच वादळात रद्दी झाला. पत्ते दुर्मिळ होते तेव्हा आलटून पालटून द्यायची रीत पडली, ती समजू शकतो. माणशी लाखो घरं शिल्लक असताना तीच रीत? मी ऑफिसात विचारलं, कायमचा द्या, हवे तर शंभर रुपये घ्या. चष्मेवाला म्हणाला, "जुन्या आयपीचा स्टॅटिक प्लॅन आहे, नव्याचा प्लॅनच नाही." म्हणजे जे संपलंय ते विकायला ठेवलंय आणि जे उतू जातंय ते देता येत नाही.

तोड म्हणून भाच्याने त्या छोट्या कॉम्प्युटरला शिकवलंय की पत्ता बदलला की एका नोंदवहीत कळवायचं, आणि माझा फोन तिथे बघून येतो. डायनॅमिक डीएनएस. चालतं, फुकट आहे. पण ती नोंदवही पुन्हा दुसऱ्याच कुणाची, म्हणजे फिरून खिडकीशीच उभं राहणं आलं. भाच्याला मी हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "मामा, तू फार ताणतोस."

अर्धा तारा गेला तो तीन फेऱ्यांसाठी. जी खूण दहा मिनिटांत होते ती लाइन देतानाच करून द्यावी.

घेणाऱ्यांना माझं सांगणं: लाइन लावतानाच पोरग्यांना विचारा, आयपीव्ही६ चालू करून द्या. त्यांना नाही जमलं तर फोंड्याच्या ऑफिसात चष्मेवाल्याला भेटा, सकाळी अकराच्या आत, नंतर तो साइटवर जातो. पंपासाठी, गेटसाठी वायफायचा स्विच घेणार असाल तर दुकानदाराला विचारा, कंपनी बंद पडली तर घरातल्या घरात तरी चालेल का? २०२२ मध्ये आलेल्या मॅटर पद्धतीच्या वस्तू घरात नव्या पत्त्यांवरच बोलतात, भाचा तसा एक बल्ब घेऊन आला आहे, देवघरात लावलाय, अजून तरी तक्रार नाही. बिल वेळेवर येतं, जास्तीचे पैसे कधी लावले नाहीत.

पुढच्या महिन्यात सहामाही संपते, परत भरणार आहे. पंप आता मी इथूनच सोप्यावर बसून लावतो, पुण्याहूनही लावतो. फक्त पाणी पाटाला लागलं की नाही ते कॅमेऱ्यात दिसत नाही, मधे केळी येतात. त्यासाठी वहिनींना फोन करावा लागतो. त्या म्हणतात, "भावजी, येतंय हो, येतंय."